आत्याचा हात आणि भुऱ्याचा जबडा

तुमच्या अंगणातला कुत्रा एका दुपारी तोंड उघडं टाकून बसला, त्याच्या लाळेची तार जमिनीला टेकली, आणि तो कुणावर धावला नाही की भुंकला नाही, नुसता तुमच्याकडे पाहत राहिला, तर तुम्ही काय कराल? उत्तराची घाई करू नका. हा प्रश्न मी आयुष्यभर लोकांना विचारत आले आहे, बाजारात, शाळांत, बायकांच्या बैठकांत, आणि चांगल्या शहाण्या माणसांचंही पहिलं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: घशात काही अडकलं असेल, काढून टाकू. आमच्या घरातही हेच उत्तर दिलं गेलं. ज्या बाईनं ते दिलं तिच्याइतका जनावरांच्या घशाचा जाणता हात सगळ्या सौंसर तालुक्यात दुसरा नव्हता, आणि म्हणूनच तो हात पुढे झाला.

आमचं घर सौंसरला, बाजाराच्या मागच्या गल्लीत. बाबा शाळेत मास्तर. आई, बाबा, आत्या आणि मी, एवढीच माणसं, पण घर कधी रिकामं नसायचं, कारण ओसरीवर पत्रकं निघत. मी गोष्टींच्या पुस्तकांवर वाढले नाही, पत्रकांवर वाढले. इंग्रज होता तेव्हा ती पत्रकं ज्वारीच्या कणगीत लपवलेली असत आणि आई दळणाला धान्य काढताना आधी कागद बाजूला ठेवी. मला अक्षरओळख झाली ती त्यांच्यावरूनच. ‘बंधूंनो’ हा शब्द मला ‘कमळ’ शब्दाच्या आधी वाचता येत होता. इंग्रज गेला आणि कणगीतली पत्रकं ओसरीवर आली, एवढाच आमच्या घरातला फरक. आता बाबांचं म्हणणं असं होतं की आमच्या तालुक्याची बोली मराठी, सोयरीक वऱ्हाडाशी, बाजार नागपूरचा, तर राज्यं नव्यानं आखली जातील तेव्हा आम्हाला त्यांच्यापासून का तोडावं? सायक्लोस्टाइलचा रूळ दुपारभर घुर्र घुर्र फिरे, शाईचा वास भाकरीला लागे, आणि चुलीवर आत्या मैद्याची खळ शिजवत बसे. भिंतीवर चिकटवायची ती खळ. भांड्याला उरलेली भुऱ्या चाटून साफ करी. हा कुत्रा अर्धा पत्रकांवरच पोसला आहे, असं बाबा म्हणत, आणि त्याला मतदानाचा हक्क द्यावा म्हणून अर्ज करणार असल्याचं सांगत.

मग राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या. नागपूर मराठी मुलखासोबत तिकडे गेलं, आम्ही हिंदी राज्यात इकडे राहिलो. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. आईनं गोळाभात केला होता, तो ताटात निवत राहिला. ज्या शहरात बाबा शिकले, जिथं त्यांची माणसं होती, ते शहर होतं तिथंच होतं, पण आता परक्याचं झालं होतं. बाबांचं दुःख मला आजही खोटं वाटत नाही आणि त्यांची मागणीही चुकीची वाटत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं ते वाचून कुणाला वाटेल की मी भाषेच्या भांडणाला हसते आहे. मी हसत नाही. मी स्वतः त्या मागणीसाठी चौकात उभी राहून घसा बसेपर्यंत बोललेली मुलगी आहे.

आता आत्या. तिचं नाव गोदा. बाबांची थोरली बहीण. तिचा नवरा लोधीखेड्याच्या बाजूला संत्र्याची बाग सांभाळायचा. तो तापानं गेला तेव्हा आत्या एक ट्रंक आणि एक भुरं पिल्लू घेऊन भावाकडे आली. ट्रंक कधी उघडलेली मी पाहिली नाही, पिल्लू मात्र दारात वाढलं. नवऱ्याच्या बागेतच आत्या एक विद्या शिकली होती. आमच्याकडे बहार उतरला की बागांत खाली संत्री पडतात. गायी-बैल सुटून आत शिरतात आणि अख्खं फळ गिळतात. एखादं घशात बसतं. जनावर मान लांब करून उभं राहतं, तोंडातून लाळ गळते, पोट फुगत जातं आणि घटकाभरात ते आडवं होतं. तेव्हा हात आत घालून फळ काढावं लागतं, आणि पुरुषाचा पंजा तिथं जात नाही. आत्याचा हात लांब होता, बारीक होता आणि त्यात बांगड्या नव्हत्या. बांगड्या गेल्या म्हणूनच हात आत जाते, असं ती स्वतःच हसून सांगे. ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळत नसे. बहाराच्या दिवसांत दारात कुणाची तरी दमणी येऊन उभी राही, हाकणारा खाली न उतरताच हाक मारी, आणि आत्या चुलीवरची भाकर आईच्या हाती देऊन तशीच गाडीत बसे. मी कितीदा तरी तिच्यासोबत गेले आहे. बैलाच्या दाढांत लाकडाचा ठोकळा, कोपरापर्यंत जवसाचं तेल, आणि बैलाला अखंड शिव्या. खादाड मेल्या, तुझ्या बापानं पाहिलं होतं का संत्रं, असं म्हणत म्हणत ती डोळे मिटायची. डोळे मिटले की समजायचं, बोटांना फळ लागलं. मग तो चिरडलेला केशरी गोळा बाहेर यायचा आणि सगळे जण एकदम श्वास सोडायचे. पैसे ती घेत नसे. रिकामा हात परत आला, असं तिच्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

ज्या दुपारबद्दल मी सांगते आहे, त्या दुपारी ओसरीवर बाबांची माणसं बसली होती. दुसऱ्या दिवशी चौकात सभा होती. आत्या सकाळी शेजाऱ्यांच्या बागेत संत्री तोडायला जाऊन आली होती; तिच्या दोन्ही हातांवर संत्र्याच्या काट्यांचे ताजे ओरखडे होते, बहारात असायचे तसेच. भुऱ्या सकाळपासून दिसला नव्हता. तो गोठ्याच्या मागून आला आणि पाण्याच्या घमेल्याशी बसला. खालचा जबडा लोंबत होता, जणू बिजागरी निखळलेलं दार. जीभ बाहेर, लाळ सुटलेली. त्यानं पाण्यात तोंड बुडवलं, पण पाणी आत गेलं नाही, नुसतं इकडून तिकडे हललं. महिनाभरापूर्वी कुठल्या तरी भटक्या कुत्र्यानं त्याचा कान फोडला होता. जखम भरली होती आणि ती गोष्ट सगळे विसरले होते.

आत्यानं एकदा पाहिलं आणि म्हणाली, “अवं, याच्या नरड्यात काही बसून राहिलं. तेल आण वं पोरी.”

मी तेल आणलं. ठोकळ्याची गरज पडली नाही, कारण भुऱ्याला तोंड मिटताच येत नव्हतं. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, शिव्या देत देत हात घातला आणि डोळे मिटले. मी वाट पाहत होते. तिचे डोळे उघडले. तिनं हात काढला, पाहिला, पुन्हा घातला, आणखी खोल. भुऱ्या हलला नाही. तो तिच्या तोंडाकडे पाहत होता. मग हात तसाच रिकामा परत आला, लाळेनं माखलेला.

“काहीच नाई,” ती म्हणाली. “गळा मोकळा हाय.”

तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नवल होतं. तिनं तांब्याभर पाणी हातावर ओतून घेतलं, पदराला पुसलं आणि भाकरी थापायला बसली. मला मात्र बसवेना. मी ढोरांच्या दवाखान्यात गेले.

तिथं नवे डॉक्टर आले होते, नर्मदेकडच्या बाजूचे, तरुण, बारीक अंगाचे. मराठी त्यांना येत नव्हती. कुत्र्यासाठी बोलवायला आलेली ही पहिलीच, असं काहीसं ते म्हणाले, पण मी जबड्याचं सांगितलं तेव्हा बूट घालताना त्यांचे हात थांबले. आमच्या अंगणात आल्यावर ते भुऱ्याजवळ गेले नाहीत. लांब उभे राहून बराच वेळ पाहिलं. भुऱ्या उठून दोन पावलं चालला तर त्याचे मागचे पाय एकमेकांत अडकले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो कुत्र्याबद्दल नव्हता.

“इसके मुँह में किसी ने हाथ डाला?”

ओसरीवरून बाबा म्हणाले, “मराठीत विचारा.”

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला, हिंदीतच, आणि आत्यानं हात वर करून दाखवला. मग डॉक्टर भराभर बोलू लागले, निम्मं हिंदी, निम्मं इंग्रजी. ड्रॉप्ड जॉ. पॅरालिसिस. डंब रेबीज का शक है. बाबांना इंग्रजी येत होती. पॅरालिसिस म्हणजे लकवा, एवढं त्यांनी बसलेल्यांना सांगितलं, आणि रेबीज म्हणजे पिसाळणं. मग ते डॉक्टरांकडे वळले आणि वर्गात फळ्यापुढे उभं राहून बोलावं तसे बोलले. पिसाळलेला कुत्रा धावतो, दिसेल त्याला चावतो आणि पाण्याला भितो. हा तर सकाळपासून पाण्यापाशीच बसला आहे.

“पानी से आदमी डरता है, मास्टरजी,” डॉक्टर म्हणाले. “कुत्ता नहीं.”

ओसरीवरची माणसं हसली. मलाही ते वाक्य उलटंसुलटं वाटलं होतं. माणसं पाण्याला भितात, हे कुणी ऐकलं आहे? त्या हसण्यानंतर डॉक्टरांचं कुणी काही ऐकलं नाही. बाईंनी उद्याच्या उद्या छिंदवाड्याला जावं, तिथं पोटात इंजेक्शनं मिळतील, आपण चिठ्ठी देतो, असं ते सांगत राहिले. बाबा उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं.

“आमच्या माणसाला सुई टोचून घ्यायलाही आता तिकडं जावं लागंल का? जायचंच झालं तर आम्ही नागपूरला जाऊ.”

आणि आत्या चुलीपाशी बसूनच म्हणाली, “चावला कुठं? चावलाच नाई तर सुई कायले?”

या दोन वाक्यांनी तिचा निकाल लागला. मी नंतर पुष्कळ भाषणं ऐकली, काही दिलीही, पण माणसाचं आयुष्य ठरवून टाकणारी वाक्यं इतक्या साध्या आवाजात बोलली जातात, हे त्या अंगणात कळलं.

लकवा म्हटल्यावर आत्यानं लकव्याचा इलाज केला. गरम तेलानं भुऱ्याचा जबडा चोळला, मी आणि आई ओरडत असताना. तिसऱ्या की चौथ्या सकाळी तो गोठ्यामागे मरून पडलेला सापडला. डॉक्टर स्वतःहून आले. त्याचं डोकं तपासणीला पाठवावं लागेल, म्हणजे खात्री होईल, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. पण तोवर आत्यानं त्याला लिंबाच्या झाडाखाली पुरलं होतं. माझ्या लेकराचं मुंडकं कापून नेते म्हणे, असं म्हणत ती त्या जागेवर जाऊन बसली आणि डॉक्टर परत गेले.

मी भांडले. बाबांशी, आत्याशी, जेवताना, रूळ फिरवताना. आईनं छिंदवाड्यासाठी पिशवी भरून दाराशी ठेवली. ती तिथंच राहिली, मग तिच्यावर पत्रकांचा गठ्ठा पडला. आत्या म्हणे, बहार उतरला की जाऊ, आता कुणाचं जनावर अडलं तर? बाबा म्हणत, नागपूरला बैठक आहे तेव्हा हिला सोबत नेतो. ती बैठक पुढे ढकलली गेली. ओरखडे भरले. दिवस गेले तशी आमची भीतीही सैल पडली. मी फार कटकट केली की आत्या माझ्या कानाशी येऊन ‘भों’ करायची आणि स्वतःच पोट धरून हसायची. मीसुद्धा हसायचे.

कापूस वेचून झाल्यावर पांढुर्ण्याला मामाच्या मुलीचं लग्न निघालं. आम्ही सगळे गेलो. मांडवात वडाभाताची पंगत बसली होती, वरून कढत फोडणीचं तेल वाढत होते, त्याचा चरचर आवाज आणि लसणाचा वास मला आजही तसाच्या तसा आठवतो, आणि म्हणूनच मी वडाभात खात नाही. आत्या सकाळपासून उजवा हात चोळत होती. हातात मुंग्या येऊन राहिल्या, म्हणाली, रात्री उशाखाली दबला असंल. बरोबर त्याच जागी, जिथं ओरखडे होते. पंगतीत तिनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. पाणी ओठांशी आलं आणि तिची मान एकदम मागे गेली, गळा आवळल्यासारखा आवाज झाला, तांब्या हातातून उडाला. ठसका लागला, असं बायका म्हणाल्या. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी नजर लागली म्हणालं. दुसरा तांब्या आणला तर तो नुसता दिसताच तिचा गळा पुन्हा आवळला.

मी समोरच्या पुरुषांच्या पंगतीकडे पाहिलं. बाबा उठून उभे होते. हातातला घास तसाच. ते आत्याकडे नाही, जमिनीवर सांडलेल्या पाण्याकडे पाहत होते. डॉक्टरांचं वाक्य त्यांना आठवलं होतं, हे मला त्यांच्या तोंडावर वाचता आलं.

पांढुर्ण्याहून गाडी सरळ नागपूरला जाते. शेवटी आत्या नागपूरलाच गेली. दवाखान्यात सांगितलं की आता काही करता येण्यासारखं उरलं नाही. पंख्याचा वारा लागला तरी तिचं अंग आखडे, म्हणून पंखा बंद केला. ते दोन दिवस मी लिहिणार नाही. एवढंच सांगते की मधल्या मधल्या वेळात ती पूर्ण शुद्धीत असे, आमची सगळ्यांची नावं घेई, आणि ते सगळ्यात वाईट होतं. अशाच एका शांत घटकेला मी तिच्या खाटेकडे सरकले तर तिनं तोंड पदरानं झाकलं.

“लांब बस वं. माझी लाळ लागंल तुले.”

मी थांबले. ती छताकडे पाहत होती. मग बोटं स्वतःच्या गळ्यावरून खालीवर फिरवू लागली, बैलाच्या गळ्यावरून फिरवायची तशी.

“त्याचा गळा मोकळा होता वं. म्या सोता पाह्यला. माझाही मोकळा हाय. मंग पाणी उतरत काऊन नाई?”

तो प्रश्न तोंडात घेऊनच ती गेली.

आत्या गेल्यावर गल्लीत काठ्या निघाल्या. ज्यांनी डॉक्टरला हसून घालवलं होतं तेच आता हलणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला पिसाळलेला म्हणू लागले. एक पिल्लू होतं, आजारातून उठलेलं, त्याचा एक पाय ठरावीक ताल धरल्यासारखा उडत राही. त्याला दगडांनी मारलं. शेजारच्या मांजरीची मान एका बाजूला कलली आणि ती गोल गोल फिरू लागली, तर तिलाही पोत्यात घालायला निघाले. मी ते पोतं हिसकावून घेतलं आणि मांजरीसकट दवाखान्यात जाऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी तिचा कान उलटला. आत पू झालेला होता. तोल कानातून सांभाळला जातो, त्यांनी मला समजावलं, कान सडला की मान कलते, डोळे आपोआप हलतात, जनावर चक्कर मारतं; याचा पिसाळण्याशी संबंध नाही. ती मांजर पुढे कैक वर्षं जगली, मान कललेलीच. लोक म्हणत, ही नेहमी विचारात असते.

त्या दिवशी मी त्यांना आत्याचा प्रश्न विचारला. गळा मोकळा असून उतरत का नाही? मी मराठीत विचारलं, ते हिंदीत बोलले, अडलं तिथं हातांनी आणि कागदावर रेघा ओढून. तोंड मिटायला जबडा लागतो तसा हुकूमही लागतो. हुकूम डोक्यातून निघतो आणि नसांतून पोचतो. हा रोग जखमेतून शिरतो, रक्तातून धावत नाही, नसेला धरून मुंगीच्या चालीनं वर चढतो, म्हणून इतके दिवस काही दिसत नाही. डोक्यात पोचला की तिथून सगळीकडे उतरतो, लाळेतही. काही कुत्री खवळतात, काही मुकी होतात. जबडा लुळा पडतो, घसा गिळणं विसरतो. आणि जे मुकं झालं आहे त्याच्याच जवळ माणूस दयेनं जातो.

मी घरी येऊन लिहायला बसले आणि अडले. माझ्याकडे शब्द होते, पण सगळे पुस्तकी. मज्जासंस्था, पक्षाघात, आणि झटक्यांना ‘आक्षेप’. दळण निवडायला आलेल्या एका शेतकरणीला वाचून दाखवलं, तर तिनं विचारलं, आक्षेप कोणावर घेतला? तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की आपल्या भाषेत लिहिणं आणि आपल्या माणसांना कळेल असं लिहिणं, ही दोन वेगळी कामं आहेत. ज्या मराठीसाठी मी चौकात ओरडत होते तिच्यात माझ्या आत्याला वाचवील असं एकही पत्रक आजवर निघालं नव्हतं. इंग्रजीतही आमच्यापर्यंत आलं नव्हतं, हिंदीतही नाही. याची चीड मला आजही आहे आणि ती मी जपून ठेवली आहे.

मी रोज दवाखान्यात जाऊ लागले. एकेक शब्द घ्यायचा, तो जनावराच्या अंगावर कसा दिसतो ते विचारायचं आणि आमच्या बोलीत मांडायचं. झटका म्हणजे काय आणि घेरी म्हणजे काय. झटक्यात जनावर पाय झाडतं, लघवी सुटते, त्याला भान नसतं, तेव्हा तोंडाशी जाऊ नका. लुळं पडणं हे रोगाचं नाव नाही, खूण आहे. खूण दिसली की कारण शोधायचं, तेल चोळत बसायचं नाही. नसांसाठी मला शेवटी कासरा सापडला. बैल धडधाकट आहे, गाडी धड आहे, पण कासरा तुटला तर हाकणाऱ्यानं कितीही ओढलं तरी बैल वळत नाही. डॉक्टरांना कासरा माहीत नव्हता. मी बाहेर नेऊन दमणीवर दाखवला, तर ते इतके खूश झाले की त्यांनी तो शब्द आपल्या वहीत लिहून घेतला.

एका दुपारी बाबा दवाखान्याच्या दारात येऊन उभे राहिले. आत्या गेल्यापासून रूळ बंद होता, सभाही बंद होत्या. आत येईनात. डॉक्टर उठले, खुर्ची पुढे केली आणि माझ्याकडून शिकलेलं पहिलं मराठी बोलले. “बसा, मास्तर.” बाबा बसले. माझे कागद त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि कागद नीट जुळवून टेबलावर ठेवले.

मग म्हणाले, “हे हिंदीतही काढू. तिकडच्या गावांतही कुत्री आहेत.”

स्टेन्सिल त्यांनीच कापली. त्यांच्या अक्षराला वळण होतं. आईनं खळ शिजवली. भांडं चाटायला कुणी नव्हतं, म्हणून ते विहिरीवर नेऊन ती स्वतःच घासू लागली. पत्रक आम्ही सौंसरच्या बाजारात लावलं, लोधीखेड्याला लावलं, जामसांवळीला शनिवारी मारुतीच्या दर्शनाला येणाऱ्यांच्या हातात दिलं. बाबांनी राज्याची मागणी सोडली नाही, मरेपर्यंत नाही. पण त्यांच्या प्रत्येक सभेत आधी हे पत्रक वाचलं जाई आणि मग दुसरं. आत्याचं नाव त्यात कुठं नव्हतं. ‘जाणत्या हातांनी विशेष जपावं’ अशी एक ओळ होती. ती बाबांची.

आता माझा नातू नागपुरात मांजर पाळतो. परवा तिच्या डॉक्टरनं लिहिलेला कागद त्यानं मला फोनवर वाचून दाखवला: अटॅक्सिया, व्हेस्टिब्युलर, आणखी काय काय. आजी, याचा अर्थ फार भयंकर आहे का गं, म्हणाला. मी त्याला विचारलं, चालताना पाय कसे पडतात, मान कुठल्या बाजूला, डोळे हलतात का, गिळता येतं का. अटॅक्सिया म्हणजे तोल जाऊन पाय वेडेवाकडे पडणं, रे. व्हेस्टिब्युलर म्हणजे तोल सांभाळणारं कानाचं आणि डोक्याचं यंत्र. शब्दाला भिऊ नकोस, डॉक्टरला विचार की ही खूण आहे की कारण आहे, आणि कारण अजून सापडलं नसेल तर तसं स्पष्ट सांगा म्हण. तो म्हणाला, तुला हे कसं गं माहीत? मी म्हटलं, तुझ्या पणजोबांच्या बहिणीनं मला एक प्रश्न विचारला होता.

तुम्ही हे इथवर वाचलंत, तर माझं एक काम करा. नुसतं वाचून पान उलटू नका. तुमच्या ओळखीत ज्याच्या दारात कुत्रं, मांजर, गाय आहे अशा एका तरी माणसाला आजच, त्याच्या बोलीत, सांगा: तोंड लुळं पडलेल्या, लाळ गळणाऱ्या मुक्या जनावराच्या तोंडात हात घालू नका. घातला असेल तर चावला का, एवढंच विचारू नका; लाळ कुठं लागली, ते विचारा. साबणानं, वाहत्या पाण्याखाली, बराच वेळ धुवा, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुठल्या गावचा, कुठल्या राज्याचा, तिथला डॉक्टर कुठली भाषा बोलतो, ते नंतर पाहू. जो जवळ असेल तो.